स्पोकची किल्ली

कॅनॉलात मगर आलीय म्हणून मी एकदा सणसरच्या सगळ्या धुणं धुणाऱ्या बाया वर पळवल्या हुत्या. लुगडी तितंच, साबण तितंच. आमच्या वडाप जीपमधी डुलक्या घेणाऱ्या पावण्याला "ओ, बारामती आली, उतरा" म्हणून उसाच्या रानात उतरवायचो, आन जरा पुढं जाऊन हॉर्न वाजवायचो. लय मजा यायची. त्यामुळं झालं काय, की ह्या सिद्धूनं खरं सांगितलं तरी लोक आधी हसत्यात आन मग इचारत्यात, "बरं, आता काय नवीन?"

तर ही गोष्ट माझी पुतणी प्रतिक्षा हिची. चौथीतली पोर. झोपली की तोंड उघडं, घोरणं म्हाताऱ्यागत. वरचा जबडा इतका अरुंद, की वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसायच्या. तिची आई बाळंतपणाला कळसला माहेरी गेलेली आन माझा धाकटा भाऊ दादासो उसाच्या हंगामात गळ्यापतूर बुडालेला. इंजनं, मोटारी, पंप दुरुस्तीचं त्याचं दुकान. मग पोरीला बारामतीला मीच नेली. तितं दर रविवारी पुण्यावरनं मंदाकिनी म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाई यायच्या.

बाईंनी पोरीच्या टाळूत एक लोखंडी खेकडा बसवला. मधी बारीक पेच, त्याला भोक, आन भोकात घालायला टाचणीएवढी किल्ली.

"रोज एकदाच, पुढून मागं सारायची," बाई म्हणल्या. "जबडा रुंद व्हायला लागला, की पुढच्या दोन दातांत फट पडेल. घाबरायचं नाही. तीच खूण. फट दिसली की येणाऱ्या रविवारी मला दाखवा. ती फट नंतर आपोआप मिटते. पण मी सांगेन त्यापेक्षा एक फेरा जास्त नाही."

घरी येऊन मी आईला आन दादासोला शब्दाला शब्द सांगितला. आमची आई, सारजाबाई, पदर तोंडाला लावून हसली.

"दात नीट करायला दिलं आन फट पाडून देणार? सिद्या, पोरीच्या बाबतीत तरी थट्टा करू नगंस."

"आये, बिरोबाची आण."

"मगरीच्या टायमाला बी बिरोबाचीच घितली हुतीस."

मी बी हसलो. तितंच चुकलं सगळं. लगीनसराईचं भाडं लागलं हुतं, किल्ली फळीवर ठिवली, रोजचा फेरा दादासोवर सोपवला आन मी जीप घिऊन गेलो.

पंधरा दिसांनी परत आलो तवा प्रतू ओट्यावर बसली हुती. मी खिशातनं खोटी पाल काढून तिच्या मांडीवर टाकली. ही पोर एरवी किंचाळून गाव गोळा करायची. आज नुसती बघत बसली. मग हसली. मधल्या दोन दातांत काळी फट. माझी विडी आडवी घातली असती तर मावली असती.

"दुखतं का गं?"

तिनं नाकाच्या मुळाशी बोट ठिवलं. "हितं ताण बसतो. डोकं बी ठणकतं."

मी दुकानात गेलो. "दादासो, फट कवाची पडली?"

"झालं की बरंच दिस. आवळतोय, पर मिटंना. आता सकाळ-संध्याकाळ फिरवाय लागलोय."

"आरं, रविवारी बाईंना दाखवायचं हुतं!"

"अशी नेऊ? फिटरच्या पोरीचं दात ढिलं? मिटवतो आन मग नेतो. पेच हाय ना आण्णा त्यो? पेच आवळला की फट मिटती. मला शिकवतोस व्हय?"

"त्यो फाकवायचा पेच हाय. तूच फट वाढवतोयस."

दादासोनं कामगाराकडं बघून डोळा मारला. "बघ, मगर आली."

मग मी माझी अक्कल चालवली. घरी जाऊन फळीवरची किल्ली उचलली आन बंडीच्या खिशात घातली. चोरी करून इतका खूश मी कधीच झालो नव्हतो. म्हणलं, हुडका आता. रविवारी गुपचूप घिऊन जातो पोरीला.

दोन दिस गेले. किल्ली माझ्याकडं, आन फट अजून वाढलेली. प्रतू भाकरी दुधात कुस्करून खात हुती. चावलं की वरच्या दाढा खालच्यांच्या बाहेरनं उतरायच्या. नाकातनं जरासं रक्त येऊन वाळलेलं. खिसा चाचपला. किल्ली हुती. मग फिरवतंय कोण?

तेवढ्यात आईनं देवळीतली भंडाऱ्याची डबी काढली. पोरीच्या कपाळाला भंडारा लावला, "बिरोबा, सांधा मिळू दे रं बाबा" म्हणली, आन त्याच डबीतनं वाकवलेली तार काढली. सायकलचा स्पोक. पुढं घासून बारीक केलेला. भंडाऱ्यानं पिवळा झालेला.

"आये, थांब!"

"दादासोनं करून दिलीय. म्हणला, जुनी हरवली, म्हणून जादाच करून ठिवल्यात. त्यो दुकानात आवळतो, मी हितं आवळती. देवाचं नाव घिऊन केल्यालं वाया जात न्हाय."

म्हंजी त्यो दोनदा आन ही वर आणखी. आन कुणी कुणाला सांगत न्हाय. मी स्पोक हिसकावला. आई पाठीमागनं शिव्या द्यायली. मी जीपमधला जॅक उचलला आन थेट दुकानात.

दुकानाच्या खिडकीची लाकडी चौकट जुनी, सांधं सुटलेलं. जॅक आडवा चौकटीत बसवला आन फिरवाय लागलो.

"आण्णा, काय चाललंय?"

"तुझी चौकट ढिली झालीय. आवळतोय."

दादासो पोट धरून हसला. "जॅकनं? येडा झालास का? जॅक कुठं आवळतो?"

"पेच हाय ना ह्यात? पेच फिरवला की फट मिटती."

मी फिरवतच ऱ्हायलो. सांधा बोटभर उघडला. लाकूड करकरलं. भिंतीची माती खाली सांडाय लागली.

"आण्णा, बास! फुटल!"

"मिटंना बघ. अजून आवळू?"

काडकन आवाज झाला. चौकटीचा खांब उभा चिरला. दादासो चिरीकडं बघत ऱ्हायला, मग जॅककडं, मग माझ्याकडं. हातातला पाना खाली पडला.

"पोरीच्या टाळूत..." दादासो म्हणला.

"ह्योच. बारका."

एसटीडी बूथवरनं मी पुण्याला फोन लावला. बाईंनी माझं बोलणं मधीच तोडलं. "रविवारची वाट बघू नका. आत्ता निघा. आणि घरात जितक्या किल्ल्या असतील तितक्या काढून घ्या. वाटेत कुणी हात लावायचा नाही."

"किती केल्यात?" मी दादासोला इचारलं.

"तीन." एक त्याच्या दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात हुती. एक मी आईकडनं घितलेली. तिसरी त्यानं फळीवर ठिवली हुती, जुन्या किल्लीच्या जागी. घरी येऊन बघतो तर फळी मोकळी.

"आये, तिसरी?"

"मला काय ठावं? माझी डबीतलीच."

प्रतू जीपमधी जाऊन बसली हुती. ओठ घट्ट मिटलेलं, उजवी मूठ घट्ट मिटलेली. मी तिच्या म्होरं उकिडवा बसलो.

"प्रतू, मूठ उघड."

तिनं मान हलवली.

"ती फिरवली की फट वाढती. ही थट्टा न्हाय."

ती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. पाल बघायची तशी. खरी का खोटी. लय येळानं बोटं उघडली. तळव्यावर स्पोक रुतल्याचा लाल वळ.

"शाळंत समदी 'फटाकडी' म्हणत्यात," ती म्हणली. बोलताना शब्द फटीतनं शिट्टीगत निसटत हुतं. "म्हणून मी बी आवळली. आज लय आवळली, काका. शेवटी पेच सुटल्यागत नुसतीच गरागरा फिराय लागली."

दादासो मागं बसला आन दोन्ही हात मांडीखाली दाबून धरलं, ते हात परत कशाला लागू नयेत म्हणून.

जीप पुण्याच्या वाटंला लागली. आई पोरीचं डोकं छातीशी धरून बसलेली. खड्डा आला की आमी चौघंबी श्वास धरायचो, आन पोर नाकाच्या मुळाशी हात न्यायची.

"काका."

"काय गं?"

"फट खरंच आपोआप मिटती?"

"व्हय. बाई म्हणल्यात."

आरशात बघितलं तर ती माझं तोंड निरखत हुती. कुठं हसू दडलंय का, ते हुडकत.