कधीच दाखल न झालेली एकेचाळीस पाने

मित्रांनो, नीट बसा आणि ऐका. मी एक जुना लेखी युक्तिवाद आहे. अपिलात न्यायाधीशांपुढे उभे राहण्यासाठी माझा जन्म झाला. आयुष्य मात्र वकील क्रिसांतो यांच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात गेले.

मी कोणी ऐरागैरा कागद नव्हे. खालच्या न्यायालयाने बासिलिसाबाईंची नारळाची बाग शेजाऱ्याला दिली होती; ती परत मिळवणे हे माझे काम. मनिलाच्या वरिष्ठ न्यायालयाने पंचेचाळीस दिवसांची मुदत दिली. क्रिसांतोंनी एकविसाव्या दिवशीच मला टंकून पुरे केले. सीमेचा दगड, आजोबांनी लावलेली झाडांची रांग, सारे पुरावे माझ्यात आहेत. उरली होती ती फक्त सही आणि टपाल.

तेवढ्यात गावच्या संताचा उत्सव आला. यंदाचे यजमानपद क्रिसांतोंकडे होते.

"पाहुणे एकदा जेवून जाऊ देत, मग पाठवतो," असे म्हणून त्यांनी मला खणात सारले. किल्ली फिरली.

दर रविवारी प्रार्थना आटोपली की बासिलिसाबाई लेकीसह येत. हातात सुमान असे. नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात बांधलेला चिकट भात. खणाच्या फटीतून त्याचा वास मला येई, आणि बाहेरची कुजबुजही.

"आई, आज तरी विचार ना, कागद गेले का ते!"

"गप गं, लुडिविना! तुझे धर्मपिता आहेत ते. एक पैसा न घेता लढतायत. संशय घेतला असं वाटेल त्यांना. लाज आहे की नाही?"

मग क्रिसांतो येत. लेकीच्या धर्मपित्याला हाक मारतात तशी हाक मारून बाई एवढेच म्हणत, "कुमपारे, आमचं ते काम..."

"झालंच समज! न्यायालयापेक्षा तुझ्या सुमानलाच जास्त घाई दिसते!"

सगळे हसत. मी ओरडलो असतो, पण कागदाला कंठ नसतो.

सेहेचाळिसाव्या दिवशी खण उघडला. क्रिसांतोंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून दोनदा बोट फिरवले. चूक कबूल करून वाढीव मुदत मागण्याची वाट तेव्हाही पूर्ण बंद झाली नव्हती. पण कबुली देणार कोण? किल्ली पुन्हा फिरली. पुढच्या रविवारीही ते म्हणाले, "झालंच समज!"

अखेर हुकूम आला. युक्तिवाद दाखल नाही, म्हणून अपील फेटाळले. माझे एक अक्षरही कोणी वाचले नव्हते. मग धावपळ करून केलेल्या फेरविचाराच्या अर्जालाही एका ओळीचे उत्तर मिळाले: वकिलाची चूक ती अशिलाचीच चूक.

त्या रविवारी क्रिसांतोंनी मला टेबलावर ठेवले आणि मान खाली घातली. बासिलिसाबाईंनी पान न् पान चाळले. सीमेच्या दगडापाशी बोट थांबले.

"किती छान लिहिलंत हो, कुमपारे," त्या म्हणाल्या. "आणि मी मेली, एकदा 'दाखवा' म्हणाले नाही."

त्यांनी सुमानची पुडी माझ्यावर ठेवली. "घ्या. आमच्या झाडांचं हे शेवटचंच."

मित्रांनो, मी आजही त्याच खणात आहे. आदर ठेवा, पण आदरापायी मुके होऊ नका. आणि ज्याच्या हाती दुसऱ्याचे काम आहे, त्याने चूक झाली त्याच दिवशी तोंड उघडावे. माझ्या पहिल्या पानावर नारळाच्या दुधाचा डाग पडला आहे. त्याला आता वास येत नाही.