चौसष्टावा हंस

पाथरवटाने वाटीतलं आंबट दही बोटांवर घेतलं आणि दगडी हंसाच्या मानेवर चोळलं.

"माझ्या विरजणावर डल्ला मारून पाखराला न्हाऊ घालताय?" खालून बायको ओरडली.

"दह्यानं शेवाळ लवकर धरतं. चार महिन्यांत आठशे वर्षांचा होईल बघ."

मंदिराची पडलेली भिंत पुन्हा रचताना हंसांच्या रांगेतले त्रेसष्ट सापडले होते; चौसष्टावा त्याने घडवला. हंस इतका जिवंत उतरला, की मांजर तीन दिवस दबा धरून बसली होती, असं तो सांगे. मांजर दह्यासाठी बसली असावी, असं बायकोचं मत.

पुरातत्त्व खात्याचा नियम मात्र सरळ होता. नव्या दगडावर चालू साल कोरायचं, म्हणजे जुन्या-नव्याची गल्लत नको. पाथरवटाला साल नको होतं. आपला हंस त्या त्रेसष्टांत कायमचा मिसळून जावा, एवढीच त्याची हौस. त्यासाठी या डावखुऱ्या माणसाने अख्खा हंस उजव्या हाताने घडवला होता. अंगठा दोनदा ठेचला, पण छिन्नीची खूण पटू दिली नाही.

चार महिन्यांनी तपासणीला अधिकारी बाई आल्या.

"तुमचा कोणता?"

"ओळखा की, बाई. तुमच्या पुस्तकात असेलच."

बाई हसल्या. आरशाने तिरपं ऊन पाडत त्या एकेक हंस पाहत निघाल्या. पाथरवटाच्या हंसावरून ऊन न थांबता पुढे सरकलं. त्याने मिशीला पीळ भरला. बाराव्या हंसापाशी मात्र त्या थबकल्या.

"सापडला! इतरांच्या पंखाखालचे छिन्नीचे ओरखडे एका अंगाला कललेत, याचे उलटे. तुम्ही डावखुरे ना? कोरा साल."

पाथरवट शिडी चढला. हंस जुनाच होता. त्याने डाव्या हाताची बोटं ओरखड्यांवर ठेवली. ती बरोबर बसली. वळणावर कुणीतरी मनगट जरा जास्त दाबलं होतं. तोही तिथे नेहमी तसंच दाबायचा, आणि त्यापायी लहानपणी बापाच्या टपल्या खायचा.

फक्त होकार द्यायचा होता. छिन्नी हातातच होती.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"हा माझा नाही, बाई."

"मग?"

तो उतरला, शिडी उचलून सात हंस मागे नेली आणि आपल्या हंसाच्या छातीवर, डाव्या हाताने, साल कोरलं. बाई बघतच राहिल्या.

दुपारी बायको डबा घेऊन आली, तर हा बाराव्या हंसाखाली भर उन्हात बसलेला.

"तिकडे एवढी सावली असताना इथं कशाला भाजून घेताय?"

"इथं सोबत आहे," तो म्हणाला आणि डब्याचं झाकण उघडलं.