आपल्या हातचं वेल्डिंग

"साब, अब इसमें करने को कुछ बचा नहीं. बाहर आओ," तय्यब बंपरवर हात ठेवून म्हणाला.

गाडीखालून उल्हासचे फक्त पाय दिसत होते, आणि तेही स्वस्थ नव्हते.

"पीछे के नट एक बार देख लेता हूँ."

"सुबह से चौथी बार देख रहे हो. मैं जुम्मे को जा रहा हूँ. आप चाय पिओ."

तय्यब टोपी घालून नमाजला गेला आणि शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्याच्या गॅरेजात उल्हास एकटा उरला. शुक्रवार असल्यामुळे आजूबाजूची शटरं बंद होती. दुपारनंतरची अस्रची नमाज झाली की उम्म अल क्वैनच्या ट्रॅकवर ड्रॅग रेस सुरू होणार होती. दोन गाड्या, सरळ चारशे मीटर, बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. त्या बारा सेकंदांसाठी उल्हासने चार वर्षांचे शुक्रवार घातले होते.

भंगारात सत्तर सालच्या शेवरलेची नुसती चासी मिळाली होती. वर काहीच नव्हतं, पण कोरलेला नंबर शाबूत होता. नंबर आहे म्हणजे कागद होतील, हे ओळखून त्याने ती उचलली. ट्रेलरवर चढवून न्यायची रेसची गाडी त्याला नकोच होती. आपण चालवत जायचं, पळवायची आणि चालवत घरी यायचं, अशी साहेबांची हौस. त्यापायी तिला वायपर आले, हॉर्न आला, इंडिकेटर आले. सायलेन्सरने तर नाकात दम आणला. तिसऱ्या खेपेला, गेल्याच मंगळवारी, गाडी पासिंगमधून सुटली आणि त्याच्या नावाची मुलकिया, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हातात पडली.

आणि आता दिवस उरला होता एक. दुबईतल्या क्रेन थांबल्या, तसं त्याच्या कंपनीने अर्धं ऑफिस घरी पाठवलं. बांधकामच नाही तर वेल्डिंग तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला कोण ठेवणार? उद्या अल ऐनचं गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार होतं, परवा विमान होतं. अजमानच्या घरात खोकी रिकामी पडली होती. सकाळी मिहिका त्याच्याकडे न बघताच म्हणाली होती, "बाबा, यू हॅवंट पॅक्ड अ सिंगल थिंग." खरंच होतं ते. त्याला कशातच चैन पडत नव्हती. एकवीस वर्षांत त्याने पास केलेल्या एकाही इमारतीवर त्याचं नाव नव्हतं. ट्रॅकवर मात्र पळून आलं की चिठ्ठी मिळते. नाव, गाडी, सेकंद. तेवढी एक चिठ्ठी घेऊन त्याला ठाण्याला परतायचं होतं.

चहा दोन घोटांत संपला. रिकामे हात उल्हासला सोसत नसत. ऑफिसचं टेबल आवरताना आलेले तपासणीचे स्प्रे डिकीत पडले होते, ते त्याने काढले. वेल्डिंगवर लाल रंग फवारायचा, दहा मिनिटं मुरू द्यायचा, पुसून घ्यायचा आणि वर पांढरा मारायचा. चीर असेल तिथे लाल वर येतो.

तय्यबचे सांधे एकूण एक स्वच्छ निघाले. निघणारच. दोघांची ओळख झाली तीच मुळी जबल अलीच्या साइटवर, उल्हासने त्याचे अकरा सांधे रिजेक्ट केले तेव्हा. तय्यबने मनसोक्त शिव्या दिल्या आणि मग तेच सांधे असे भरले, की उल्हास बघत राहिला.

शेवटी राहिला उजवा ब्रॅकेट. मागचा ॲक्सल चासीला धरून ठेवणारा. तो मात्र उल्हासने स्वतः जोडला होता. जन्मभर दुसऱ्यांचं तपासलं, एकदा आपल्या हाताने करून बघू, म्हणून त्याने तय्यब नको नको म्हणत असताना त्याच्या हातातला वेल्डिंगचा होल्डर काढून घेतला होता. दिसायला झक्क झालं. त्या कौतुकात टेस्ट करायची राहिली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर उल्हासने त्याला साइटवर उभं केलं नसतं.

पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. नखाएवढी.

त्याने सगळं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. रेघ पुन्हा आली, तिथेच. उल्हास गाडीखाली तसाच पडून राहिला. त्याला रडू आलं, आणि बघायला कोणी नव्हतं म्हणून त्याने ते येऊ दिलं.

तय्यब परतला, वाकला, रेघ बघितली.

"नाखून जितना है साब. एक दौड़ में क्या होगा?"

"आराम से चलाओ तो कुछ नहीं. लाइन से उछलेगी, तो पूरा ज़ोर इसी पे आएगा."

"तो ऊपर से एक फेरा मार देता हूँ. पाँच मिनट. यल्ला, हटो."

"जबल अली में तूने यही किया था. मैंने क्या बोला था?"

तय्यबने मान खाली घातली. "पूरा काटो, फिर से भरो."

कापायचं म्हणजे टाकी उतरवणं, ॲक्सल सोडवणं. दोन दिवसांचं काम.

"किसको पता चलेगा साब?"

"मुझे चल गया ना."

उल्हासने खिशातला पिवळा मार्कर काढला. ब्रॅकेटभोवती गोल केला, आत रिजेक्टचा 'आर' लिहिला, तारीख घातली. खाली नेहमीसारखी सही केली.

"कल अल ऐनवाला देखेगा."

"उसी के लिए लिखा है. बोलना, भरने से पहले दौड़ाना मत."

अडीचला टॅक्सीतून त्याची बायको हेमा उतरली. चार वर्षं ती या गाडीला 'तुमची ती' म्हणत आली होती. आज आपणहून आली होती, गॉगल लावून, थर्मास घेऊन.

"उशीर नाही ना झाला? बसायला जागा असते का तिथे?"

"हेमा, आज पळवायची नाही. माझंच वेल्डिंग फुटलंय."

ती पटकन काहीतरी बोलणार होती. त्याचा चेहरा बघून तिने थर्मास दुसऱ्या हातात घेतला.

"मग?"

"मग घरी. खोकी भरू."

"हिच्यातून?"

"रस्त्यावर चालायला पास आहे ती."

अजमानच्या सिग्नलला शेजारी एक नवीकोरी पांढरी गाडी येऊन थांबली. आतल्या पोराने शेवरले खालवर न्याहाळली, काच खाली केली, अंगठा उंचावला आणि इंजिन दोनदा गरजवलं. उल्हासचा उजवा पाय आपोआप ताठ झाला. सिग्नल हिरवा झाला. पांढरी गाडी दिसेनाशी झाली, आणि उल्हासने क्लच इतका अलगद सोडला की हेमाच्या मांडीवरचा थर्मास हललाही नाही.

"अहो, आपली नाही का जात तशी?"

"जाते," तो म्हणाला. मग इंडिकेटर देऊन त्याने गाडी उजवीकडच्या, हळू गाड्यांच्या लेनमध्ये घेतली, आणि मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरला हात करून पुढे जाऊ दिलं.