साठ फुलांची नोंद

नरसी नामदेवच्या रस्त्याला लागूनच उत्तमरावांची सीताफळाची बाग. ऐंशी झाडं, आठ वर्षांची, अंगापिंडानं चांगली. फुलं तर अशी लगडायची की बघणाऱ्याला वाटावं, यंदा टेम्पो कमी पडणार. आणि फळं झाडाला दहा-बारा, तीही एका अंगानं फुगलेली अन् दुसऱ्या अंगानं बसलेली. शेवटी उत्तमराव कंटाळले. कनेरगाव नाक्याच्या वासिफला त्यांनी सांगून टाकलं, पोळा झाला की जेसीबी आण. बाग काढायची, पुढच्या साली हळद लावायची.

सून प्रतिक्षा परभणीला फळबागेचं शिकलेली. बाळंतपणात तिचा अभ्यास अर्धवट राहिला होता. लेक पावलं टाकायला लागली तसा तिनं तो पुन्हा काढला.

"मामा, पोळ्यापर्यंत मला थोडी फुलं द्या," ती सासऱ्यांना म्हणाली. "साठ माझ्या हातानं फळवते, साठ तशीच सोडते. फरक दिसला न्हाई तर वासिफभाईंना मीच फोन लावते."

"साठ काय, साठ हजार घे. फुलांना काय तोटा हाय?"

"तोटा फुलांचा न्हाई, भेटीचा हाय." तिनं एक फूल उकलून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "हे बघा. एकच फूल, पण आधी मादी अन् मग नर. पराग सुटंस्तोवर त्याची स्वतःची फळ धरायची वेळ निघून गेलेली असती. बारीक किडे हिकडचं तिकडं नेतात, पण आपल्या बागेत ते कमी दिसतात. म्हणून ते काम आता मी करणार."

तिच्या हातात काजळाची रिकामी डबी होती, डबीत पूर्ण उमललेल्या फुलांतून झाडलेली परागाची पिवळसर भुकटी आणि चित्रं रंगवायचा बारीक ब्रश. उत्तमराव हसू दाबत घराकडं गेले आणि आशाबाईंना म्हणाले, "तुझी सून फुलांची लग्नं लावून राहिली."

"लावू द्या की," आशाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "तुमच्या शिव्या खाऊन तरी कुठं फळं लागली?"

रोज उजाडायला, लेक झोपेत असेतोवर, प्रतिक्षा बागेत जायची. अर्धवट उमललेलं फूल हेरायचं, पाकळी बोटानं अलगद बाजूला करायची, ब्रश आत फिरवायचा, देठाला लाल धागा बांधायचा आणि वहीत लिहायचं. शेजारचं तसंच सोडलेलं फूल, त्याला पांढरा धागा. आठ दिवसांत साठ लाल, साठ पांढरे झाले.

नवव्या दिवशी एकादशी होती. लेकीला डोस द्यायला प्रतिक्षा हिंगोलीला गेली आणि जाताना म्हणाली, "मामा, तेवढं बागेवर ध्यान ठेवा."

दुपारी देवदर्शनाला निघालेल्या बायका सावलीला टेकल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, "दादा, हे लाल धागे कशाचे हो?"

उत्तमरावांच्या जिभेवर खरं आलं होतं. पण सून ब्रश घेऊन फुलांमागं फिरते, हे चार परक्या बायकांपुढं कसं सांगावं? ते म्हणाले, "नवसाचे हायेत, माय."

म्हातारीनं हात जोडले. पिशवीतून पूजेचा लाल नाडा काढला, न्हाणीघरात घसरून पडलेल्या आपल्या लेकीसाठी एक बांधला, नातवाच्या नोकरीसाठी दुसरा. मागून येणाऱ्यांनी बघितलं. उत्तमराव पाणी प्यायला विहिरीवर जाऊन आले तोवर रस्त्याकडच्या दोन्ही ओळी लालेलाल झाल्या होत्या. धागा जिथं दिसला, त्याच्याच शेजारी बायकांनी भक्तीनं आपला बांधला होता. काहींनी तर पांढरे सोडून त्या जागी लाल बांधले होते. आता बांधलेले सोडायला कुणाला सांगणार?

संध्याकाळी प्रतिक्षा बागेत उभी राहिली, लेक कडेवर. एकेक धागा बोटानं उलटवून बघत गेली.

"माझ्याच तोंडातून गेलं," उत्तमराव म्हणाले. "लाज वाटली मला."

"कशाची, मामा?"

उत्तमराव जवळच्या फांदीवरचे धागे चाळू लागले. मग म्हणाले, "यातली बरीच तर तुझीच असतील. जी फळं धरतील ती तुझी म्हण. कोण बघायला येतंय?"

"मीच बघते ना," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "जे धरलं ते माझं, अन् जे गळालं ते नवसाचं, असं लिहिलं तर ती वही कशाला पाहिजे?" तिनं पानावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, रद्द.

आठ दिवसांची पहाट एका रेघेत गेली. उत्तमरावांना रात्रीचं जेवण गेलं नाही. बाग वाचावी म्हणून पोरगी झटत होती, आणि बाग वाचवायचा सोपा रस्ता समोर असून त्यावर पाय ठेवत नव्हती. असं माणूस त्यांनी बाजारात, कचेरीत, कुठंच फारसं बघितलं नव्हतं.

सकाळी ती बागेत पोचली तेव्हा उत्तमराव आधीच तिथं होते. मांडीवर खताचं रिकामं पोतं, त्यातून पांढरे दोरे उसवत होते.

"याला कुणी देव मानणार न्हाई," ते म्हणाले. "ब्रशच्या फुलांना हा, सोडलेल्यांना सुतळी. अन् रस्त्याकडच्या ओळी सोड, आतल्या घे. अजून फुलं येऊन राहिली हायेत."

दुसरा ब्रश त्यांनी नाक्यावरून आणला. पहिल्या दिवशी त्यांच्या जाड बोटांनी चार फुलं मोडली. "ही चार लिहायची का?" त्यांनी विचारलं. प्रतिक्षानं मोडलेली म्हणून लिहिली. पुढं त्यांचा हात बसला आणि आतल्या ओळींत पुन्हा साठ-साठ फुलं झाली. लेकीला दूध पाजायला ती घरी गेली तरी काम थांबायचं नाही.

पोळ्याच्या चार दिवस आधी मोजणी झाली. उत्तमराव झाडाखाली वाकून बघायचे आणि सांगायचे, ती लिहायची. बोराएवढी फळं, गोल, चहूअंगांनी सारखी भरलेली. एका पोत्याच्या दोऱ्याशी ते थांबले.

"हे वाळलं," ते म्हणाले. "मीच फळवलं होतं. वाळलं लिही."

ब्रशच्या साठांत अडतीस धरली होती. सोडलेल्या साठांत पाच.

"एवढ्यानं सगळं ठरत न्हाई, मामा," प्रतिक्षा म्हणाली. "पुढच्या बहराला पुन्हा करून बघावं लागंल. परभणीच्या मॅडमबी तेच म्हणतील."

"पुढच्या बहराला झाडं उभी पाहिजेत ना?" त्यांनी खिशातून फोन काढला. "वासिफ, जेसीबी आणू नको बाबा."

"काहून, चाचा? ठरलं होतं बराबर."

उत्तमरावांनी मान वळवून बघितलं. रस्त्यावरनं माणसं जात होती. मग मोठ्यानंच म्हणाले, "माझ्या सुनेनं ब्रशनं फळं धरवली. साठात अडतीस. मीबी होतो हाताखाली."

पलीकडं वासिफ हसला नाही. "चाचा, आमच्या अंगणात सीताफळ हाय. आम्मी दरसाल फुलं बघून खूश होते, अन् पुढं काईच न्हाई. अजून थोडी फुलं हायेत त्याला."

"उद्या उजाडायला येतो आम्ही दोघं," उत्तमराव म्हणाले. "तुझ्या आम्मीला, मदीनाबींना सांग, उठून बसा. उन्हं आल्यावर फूल आपल्यासाठी थांबत न्हाई."