म्हशीचं तांबं, मेंढरांच्या पोटात

माझ्या तोंडाला कुलूप न्हाई, हे सगळ्या गल्लीला ठाऊक हाय. पण त्या सालच्या शिमग्याला पंधरा दिवस मी तोंड दाबून बसले, अन् त्यापायी एका पोरीचा संसार मोडत आल्ता.

दोन हजार दोनची गोष्ट. माझी काळीभोर म्हैस तांबूस पडत चालली व्हती, माजावर बी येईना. भोकरदनचे ढोरांचे डॉक्टर म्हणले, "मालनबाई, हिच्या अंगात तांबं कमी पडलंय." त्यांनी निळसर पावडरीचा मोठा डबा दिला. त्यातलं तांबं अमिनो आम्लाला बांधलेलं, म्हणून पोटात वाया जात न्हाई, अंगाला लागतं म्हणे. रोज पेंडीत एक लहान चमचा. जाताना बजावलं, "म्हशीपुरतंच हं. मेंढरांना बिलकुल द्यायचं न्हाई."

ऐकलं की मी! पण दोन महिन्यांत म्हैस अशी चकाकली, मला काय दम निघतोय? आमच्याकडं ज्या औषधानं गुण आला, ते शेजारी दिल्याबिगर घास गोड लागत न्हाई. समोरच्या सोनूबाईची अकरा मेंढरं रोडावली व्हती. तिच्या लेकाची, संपतची, नवरी बेबीनंदा घरात आली, त्याच आठवड्यात मी सगळ्या बायांसमोर वाडगंभर पावडर सोनूबाईच्या ओट्यावर ठिवली. "घे! मूठमूठ घाल भरड्यात. माझ्या हाताला गुण हाय." वाडगं सरलं की मीच भरून देई. तांब्याच्या घागरीतलं पाणी आपण जन्मभर पितो, तांब्यानं कोण मरतंय? डॉक्टरापेक्षा शहाणी ना मी!

शिमग्याच्या तोंडावर पहिली मेंढी गेली. डोळे हळदीवानी पिवळे, लघवी काळपट लाल. तवाच मला डॉक्टरांचं बजावणं आठवलं. वाडगं भरून देणं मी गुपचूप बंद केलं, पण बोलले न्हाई. मंग दुसरी गेली, मंग तिसरी. गल्लीत कुजबूज सुरू झाली, नव्या नवरीचा पाय चांगला न्हाई. सोनूबाई मनाची वाईट न्हाई, पण नवऱ्यामागं त्या मेंढरांवरच तिनं पोरगं वाढवलं. ती बी तेच बोलाया लागली.

तिसरी मेली त्याच दिवशी डॉक्टर माझ्या म्हशीचा गाभ तपासाया आल्ते. समोर पडलेली मेंढी बघून ते माझ्याकडं वळले. "तुमच्या डब्यातलं तर न्हाई ना दिलं यांना?"

"छे वो!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"दिलं असल कुणी, तर आजच बंद करा म्हणावं. म्हशीला जास्तीचं तांबं बरंच झेपतं. मेंढीच्या कलेजीत ते साठत राहतं. दोन-दोन महिने काही दिसत न्हाई, अन् एक दिवस सगळं रक्तात उतरतं. बाकीच्यांवर इलाज हाय अजून, पण कळलं पाहिजे ना!"

ते हात धुवाया वाकले अन् मी समोर बघितलं. ओट्यावर पत्र्याची पेटी, पेटीजवळ बेबीनंदा खाली मान घालून. संपत यष्टी बघाया गेल्ता. पोरीला माहेरी धाडून राह्यले व्हते.

माझा जीव असा तुटला म्हणून सांगू! तशीच रस्ता ओलांडून गेले.

"सोनूबाई, पेटी आत घे. तुझी मेंढरं हिच्या पायानं न्हाई मेली. माझ्या हातानं मेली. ती पावडर मेंढरांना देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं व्हतं, अन् आत्ता त्यांच्याशी बी मी खोटं बोलले."

सोनूबाई माझ्याकडं वळली. "पंधरा दिस मी लेकराला बोलून राह्यले, मालन. तू समोरून ऐकत व्हतीस?"

तिनं पेटी सोता उचलली अन् आत नेली. डॉक्टर उरलेल्या आठ मेंढरांकडं गेले.

बेबीनंदा तिथंच उभी. आता ही मला चार शिव्या घालल, घालू दे, असं वाटलं. पण तिनं माझा हात धरला अन् हळूच विचारलं, "मावशी, खरंच का? मंग माझा पाय न्हाई ना?"

अगं माय! त्या लेकराला सोतालाच ते खरं वाटून राह्यलं व्हतं.