मागच्या डाव्या दारातली मोटर

मी एक जुनी मोटर आहे. नाही, पुन्हा सांगते. मी एक जुनी पण धडधाकट मोटर आहे, आणि मी भयंकर चिडले आहे.

मित्रांनो, एका गाडीच्या मागच्या डाव्या दाराच्या पोटात माझं घर होतं. बटण दाबलं की मी फिरायचे आणि काच खालीवर व्हायची. गाडी नवी होती तेव्हा पाहुण्यांना मुद्दाम माझ्याशेजारी बसवत. "नुसतं बोट ठेवा," म्हणत. पुढे दारात पाणी झिरपलं, धूळ साचली. सोळा वर्षांत तेलाचा एक थेंब कुणी दिला नाही, तरी मी फिरले.

मग एके दिवशी माझ्यापर्यंत वीजच पोचेना.

माझ्याशेजारी बाबा बसत. बाबा म्हणजे मालकाचे वडील. गुडघा वाकत नाही म्हणून मागे पाय पसरून, आणि फुप्फुसं थकलेली म्हणून एक दिवसाआड दवाखान्यात. एसी केव्हाच गेलेला, पलीकडची काच चिकटपट्टीने कायमची बंद केलेली. मागे वाऱ्यासाठी उरले मी. बाबा बटण दाबत आणि मी ढिम्म. मुलगा उतरून दारावर बुक्के मारी. दोष दुसऱ्याचा, मार मला.

"मी नाही येत यापुढे," बाबा एकदा म्हणाले. "आजाराने जायचं तेव्हा जाईन. या डब्यात गुदमरून नाही."

"बाबा, उगाच काहीतरी बोलू नका," मुलगा म्हणाला, आणि गाडी गॅरेजात नेली.

तपासणी पहिली. फ्यूज: चांगला. दार: उघडं. काच खाली, काच वर. शेरा: काही झालेलं नाही.

तपासणी दुसरी, चार दिवसांनी. बटण नवं. दार: उघडं. काच खाली, काच वर. शेरा: आता बघायला नको.

तुम्हाला दिसतंय ना? त्यांना दिसत नव्हतं. दार उघडं असलं की मी फिरे, लागलं की बंद. घरी चावी फिरून वीज सुरू होई तीच सगळी दारं लागल्यावर, त्यामुळे तिथेही कुणाला पत्ता नाही. गॅरेजात स्टुलावर बसलेल्या बाबांना मात्र कळलं.

"मिस्त्री, एकदा दार लावून बघा की."

"काका, वीस वर्षं हेच करतोय मी. तुम्ही पंख्याखाली बसा."

"बाबा, त्यांना काम करू द्या."

तपासणी तिसरी. मला उपटलं. "म्हातारी झालीय," मिस्त्री म्हणाला. हे माझ्याबद्दल. जागी नवी मोटर. दार: अर्थातच उघडं. काच खाली, काच वर. मला पिशवीत घालून बाबांच्या मांडीवर ठेवलं, दार लागलं, गाडी फाटकापर्यंत गेली. बाबांनी बटण दाबलं.

काही नाही.

गाडी मागे आली. मिस्त्री दाराशी पोचायच्या आत बाबांनी आतून खटका लावला.

"बाबा, उतरा."

"नाही उतरत. याला पलीकडून येऊन माझ्याशेजारी बसू दे. दारं लावून."

"काका, आत फार उकडतंय हो."

"मला रोज उकडतं. ये."

तो आला. बाबांचा ताठ पाय त्याला मांडीवर घ्यावा लागला. दारं लागली. त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला. बाबांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तो त्याने पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकला.

"काका," तो हळू म्हणाला, "दार जरासं उघडा बघू."

उघडलं. काच सरसर खाली.

बिजागरीपाशी रबराची एक नळी असते, तिच्यातून तारा दारात जातात. सोळा वर्षांच्या उघडझापीत आतली एक तार तुटली होती. दार उघडलं की तिची टोकं टेकत, लावलं की सुटत. वीतभर तार जोडायची, एवढंच काम होतं.

"जुनीच बसवू का परत?" तार जोडून झाल्यावर मिस्त्रीने विचारलं. "चांगली आहे ती."

"राहू दे," मुलगा म्हणाला. "आता परत कोण खोलत बसणार."

मी आता गॅरेजातल्या भंगाराच्या पिंपात आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका, मला ती नको. पण एखादी वस्तू बंद पडली तर तिला बुक्के मारू नका. ती नेमकी कधी बंद पडते ते बघा, आणि जो रोज तिच्यापाशी बसतो त्याला विचारा. तो म्हातारा असेल, सारखी कुरकुर करत असेल. तरी विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका.

गाडी निघाली तेव्हा मला पिंपातून दिसत होतं. लागलेल्या दारात काच खाली सरकली. बाबांनी कोपर बाहेर टेकवलं.

"परवा किती वाजता निघायचं रे?" ते मुलाला विचारत होते.

ती काच मी उतरवली नव्हती.