न फळणारा रातांबा

मी एक जुना रातांबा, म्हणजे कोकमाचं झाड आहे, मित्रांनो, आणि माझ्यावर आजवर एकही रातांबा लागलेला नाही. हसू आलं ना? हसा खुशाल. तुमच्या आमटीत आमसुलं पडतात ना, ती आमच्याच कुळातल्या फळांची. खेडपासून आत एका वाडीत, काशीरामच्या परसात मी उभा आहे. शेजारची झाडं उन्हाळ्यात लालभडक फळांनी लगडतात. मला नुसती फुलं येतात आणि गळून जातात.

मला कोणी लावलं नाही. कुंपणाशी बी पडली, रुजली, मी वाढलो. काम म्हणाल तर सावली देणं. काशीरामची बायको जनी माझ्याखाली बसून रातांबे फोडायची, सालं उन्हात घालायची. तिची बोटं लाल झालेली मला आवडायची.

आमच्या वाडीत न फळणाऱ्या झाडाला दम देण्याची रीत आहे. दर शिमग्याला काशीराम कुऱ्हाडीची बोथट बाजू माझ्या बुंध्यावर आपटायचा. "धरतोस, का घालू कुऱ्हाड?" झाडाच्या वतीने घरातल्या कोणीतरी रदबदली करायची असते. ती जनी करायची. "ऱ्हाव द्या अवो, फुडल्या वर्साला धरंल."

फळ धरणं माझ्या हातात नव्हतंच, पण सांगणार कसं? लोक मला वांझ म्हणायचे. तिचा मुलगा दीपक फार उशिरा झाला, तोवर जनीनेही हा शब्द पुष्कळ ऐकला होता. म्हणूनच असेल, तिची रदबदली कधी चुकली नाही.

गेल्या वर्षी मात्र काशीरामचा धीर सुटला. "लय ऐकून घेतलं. आता ह्याला आडवा करतो नि हितं कलम लावतो." वाडीतले माझ्यासारखे बिनफळाचे रातांबे असेच एकेक करून गेले होते. मी खरंच घाबरलो.

त्याच आठवड्यात वेदिका नावाची एक संशोधक आली. कोकमाची आणि रानातल्या त्याच्या भाऊबंदांची नाती शोधण्याचं तिचं काम. तिने माझं कोवळं पान खुडलं, फळणाऱ्या झाडांचीही घेतली आणि त्यांच्याखाली उगवलेल्या रोपांचीही.

"काय गो बाय, पानात काय लिवलंय?" काशीरामने चेष्टा केली.

"लिहिलेलंच असतं, काका. अर्धं आईकडून आलेलं, अर्धं बापाकडून. त्याला डीएनए म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत ते वाचता येतं. निकाल येईपर्यंत हे झाड तोडू नका."

"माज्या झाडाला निकाल कसला?" काशीरामने कुऱ्हाड उचलली.

तेव्हा जनीने पाट ओढला आणि माझ्या बुंध्याला पाठ लावून बसली. "बाय सांगंल तवर मी हितनं उठायची नाय." काशीराम पुटपुटत माघारी गेला.

पावसाच्या तोंडावर वेदिका परत आली ती हसतच. "काकू, हा नर आहे! कोकमात नर नि मादी झाडं वेगळी असतात. नराला फळ येत नाही, पण त्याचे परागकण नसतील तर मादीलाही फळ नाही नि ह्या रोपांना बापच नाही. तपासलेल्या सगळ्या रोपांचा बाप हाच निघाला."

मित्रांनो, मला इतका आनंद झाला की काय सांगू! जनीने डोळ्यांना पदर लावला. "आनि ह्याला आमी वांझ म्हनत होतो."

वेदिकाचं हसू मात्र मावळलं. "पण काका, बाप एकच असणं बरं नाही. बाकीचे नर तोडलेत तुम्ही. आता सगळी रोपं भावंडं झाली. उद्या रोग आला, तर एकाला लागेल तो बहुतेकांना लागेल. दुसऱ्या घराण्यातला नर हवा. वेळणेश्वरकडे एक सापडलाय."

दुसऱ्या दिवशी काशीराम पहिल्या एसटीने गेला आणि त्या नराच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला. माझ्याच एका रोपावर त्याने कलम बांधलं. शेजारचा धाकू पोट धरून हसला. "काशीराम, फळ न येनारं कलम लावतंस? खुळा झालास काय?"

"बाकीच्या झाडांवर बघ ह्याचं फळ," काशीराम म्हणाला आणि गाठ आणखी आवळली.

यंदा शिमग्याला तो पुन्हा कुऱ्हाड घेऊन आला. सवयीने मी आक्रसलो. पण त्याने कुंपणासाठी खुंट तासले आणि त्या कलमाभोवती पक्के ठोकले. मी म्हातारा झालो आहे, तरी ते कलम फुलेपर्यंत इथून हलायचं नाही असं मी ठरवलं आहे. आणि तुम्ही, मित्रांनो, कोणत्याही झाडावर घाव घालण्याआधी एवढं विचारा, की हे कोणाकोणाचं कोण लागतं?

खुंट ठोकून झाल्यावर काशीराम माझ्याकडे वळला. कुऱ्हाडीची बोथट बाजू बुंध्याला हळूच टेकवून म्हणाला, "धरलास काय रे?"

सालं वाळत घालता घालता जनी म्हणाली, "धरला अवो. ह्ये काय, सगळीकडं धरलाय."